साखर सोडली, तरी रक्तातली साखर वाढलेलीच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चहातली साखर बंद केली, पांढरा ब्रेड सोडून ब्राउन ब्रेड आणला, गोड खावंसं वाटलं तर मध घेतो, सकाळी फळांचा ताजा रस पितो. तरीही तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ६.१ आलं. वजन थोडं जास्त आहे, औषध अजून सुरू नाही. आता नेमकं काय खायचं आणि काय सोडायचं?

आधी आकड्यांचा अर्थ लावून घेऊ. उपाशीपोटी साखर म्हणजे किमान ८ तास पाण्याखेरीज काहीही न घेता मोजलेली साखर. ती १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना मधुमेहपूर्व अवस्थेची सुरुवात ११० पासून धरते, पण ११२ त्याही रेषेच्या वर आहे. एचबीए१सीचं गणित असं: ५.७ टक्क्यांच्या आत ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ पासून पुढे मधुमेह. उपाशीपोटीचा आकडा मिलिमोल प्रति लिटरमध्ये हवा असेल तर मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागा. ११२ म्हणजे साधारण ६.२ मिलिमोल. मधुमेहाचं निदान, ठळक लक्षणं नसतील तर, एकाच चाचणीवर पक्कं करत नाहीत.

म्हणजे तुमचे दोन्ही निकाल मधुमेहपूर्व टप्प्यातले आहेत, आणि आहार बदलून सर्वात जास्त फरक पडतो तो याच टप्प्यावर. अमेरिकेत ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ८० किलो वजनाच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. हाताबाहेरचं लक्ष्य नाही हे.

आता मूळ मुद्दा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला १ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं ते ५ ग्रॅमच्या आसपास, जेमतेम एक चमचा. आणि एका जेवणातून पोटात जाणारी कर्बोदकं सहज ६० ते १०० ग्रॅम भरतात. एक चमचाभर जागेतून वीस चमचे माल जायचा आहे. रक्त हे साखरेचं कोठार नाही, तो रस्ता आहे. कोठारं म्हणजे यकृत आणि स्नायू. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात सुमारे १०० ग्रॅम साठा मावतो, स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे त्या क्षणी रस्त्यावर किती गर्दी आहे ते. ही गर्दी तीन गोष्टींवर ठरते: एका वेळी किती ग्लुकोज आलं, किती वेगाने आलं, आणि पुढे किती लवकर उचललं गेलं. तुम्ही केलेले बदल यातल्या पहिल्या गोष्टीच्या एका कोपऱ्यालाच लागू पडतात. म्हणून आकडा फारसा हललेला नाही.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबलचक माळ. भात, ब्रेड, बटाटा, मका यांतल्या स्टार्चचं पचनानंतर ग्लुकोजच होतं. चहात घालतो ती साखर मात्र अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते, आणि फ्रुक्टोज आधी यकृताकडे जातं, त्यामुळे रक्तातलं ग्लुकोज ते थेट तेवढं वाढवत नाही. याचा परिणाम बऱ्याच लोकांना पटत नाही, पण तो खरा आहे: कर्बोदकं तेवढीच धरली तर पांढरा ब्रेड रक्तातली साखर नुसत्या साखरेपेक्षाही थोडी जास्त चढवतो. याचा अर्थ साखर बरी असा मुळीच नाही. फ्रुक्टोज जास्त झालं की यकृत त्याची चरबी बनवतं आणि तीच चरबी पुढे इन्शुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचं, काम अडवते. मधाचंही तेच. एक मोठा चमचा मध म्हणजे २१ ग्रॅम, त्यात १७ ग्रॅम साखर. चहाचे चार चमचे साखर सोडून तिथे एक मोठा चमचा मध घेतला, तर हिशेब जिथल्या तिथे राहिला.

ब्राउन ब्रेडचं काय? एक तर रंगावर जाऊ नका. काही ब्रेडना तो रंग कॅरॅमल किंवा माल्टने आलेला असतो. घटकांच्या यादीत सर्वात पहिलं नाव अख्ख्या धान्याच्या पिठाचं हवं. दुसरं म्हणजे, पीठ अख्ख्या गव्हाचं असलं तरी बारीक दळलेलं असेल तर त्यातलं स्टार्च जवळजवळ मैद्याच्याच वेगाने पचतं. ग्लायसेमिक इंडेक्सच्या (शुद्ध ग्लुकोज १०० धरून पदार्थ साखर किती चढवतो ते सांगणारा आकडा) आंतरराष्ट्रीय तक्त्यांत दोन्ही ब्रेड ७५ च्या आसपासच येतात. अख्ख्या धान्याचा फायदा आहेच, तंतू, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्यात टिकून राहतात. पण साखर हळू चढायला दाणा शाबूत लागतो: भिजवून शिजवलेला अख्खा दाणा, जाड भरडा, मोठे चपटे ओट्स. दाण्याची भिंत फोडायचं काम गिरणीने आधीच करून ठेवलं, की आतड्याला करायला काही उरत नाही.

एक नाश्ता जवळून बघू. ब्राउन ब्रेडचे दोन तुकडे, प्रत्येकी ३० ग्रॅमचे: कर्बोदकं ३० ग्रॅम. त्यावर एक मोठा चमचा मध: १७. एक मध्यम केळं: २७. पाव लिटर संत्र्याचा रस: २६. बेरीज १०० ग्रॅम. प्रथिनं १० ग्रॅमच्याही आत. ऊर्जा ४४० कॅलरीच्या आसपास. दिसायला हा नाश्ता आरोग्याचा, पण रक्तात आधीच असलेल्या चमच्याच्या वीसपट माल तासाभरात दाराशी उभा, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास द्रवरूपात किंवा सुट्या साखरेच्या रूपात.

आता दुसरा. दोन उकडलेली अंडी, त्याच ब्रेडचा एक तुकडा, एक पेला दूध आणि रसाऐवजी एक अख्खं संत्रं. कर्बोदकं: ब्रेडची १५, दुधाची १२, संत्र्याची १५, अंड्यांची जेमतेम १; म्हणजे ४३ ग्रॅम. प्रथिनं २४ ग्रॅमच्या आसपास. ऊर्जा? पुन्हा ४३५ ते ४४० कॅलरी. पोट तेवढंच भरलं, उलट जास्त वेळ भरलेलं राहील, आणि साखरेचा भार निम्म्याहून खाली आला. अंडी नको असतील तर वाटीभर शिजवलेलं कडधान्य किंवा घट्ट दही घ्या; कडधान्यात कर्बोदकंही असतात, म्हणून मग ब्रेडचा तुकडा अर्धा करा. माझ्या मते तुम्हाला सगळ्यांत आधी बदलायचं काही असेल तर तो रस. फळ चावून खाताना त्याची साखर पेशींच्या जाळ्यात अडकलेली असते आणि एका संत्र्यावर माणूस थांबतो. पेलाभर रसात तीन संत्री जातात आणि चोथा कचऱ्यात.

ग्लायसेमिक इंडेक्सचं नाव वर आलं, तर त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टोरांटोतल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी १९८१ मध्ये मांडली. एखाद्या पदार्थातली ठरावीक कर्बोदकं, बहुधा ५० ग्रॅम, खायला द्यायची आणि पुढच्या दोन तासांत साखर किती चढते ते शुद्ध ग्लुकोजशी ताडून बघायचं. ग्लुकोज १००, ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० पासून जास्त. गोची अशी की ५० ग्रॅम कर्बोदकं मिळवायला कलिंगड सहाशे-सातशे ग्रॅम खावं लागतं. कलिंगडाचा इंडेक्स ७० च्या वर आहे म्हणून लोक ते वर्ज्य करतात, पण १२० ग्रॅमच्या फोडींत कर्बोदकं असतात ८-९ ग्रॅमच. म्हणून इंडेक्सला प्रत्यक्ष खाल्लेल्या कर्बोदकांनी गुणून १०० ने भागतात, त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. कलिंगडाच्या त्या फोडींचा लोड ६ च्या आसपास. १० पर्यंत तो कमीच धरतात आणि २० पासून जास्त. शिवाय हे तक्ते एकेकट्या पदार्थाचे. आपण जेवतो तेव्हा ताटात चार गोष्टी एकत्र असतात, आणि त्याच ताटाने दोन माणसांची साखर वेगवेगळी चढते. तक्ता दिशा दाखवण्यापुरता वापरा, पाठ करू नका.

प्रमाणाची चूक सर्वात जास्त कुठे होते, तर कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत करण्यात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ७८-८० ग्रॅम कर्बोदकं असतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८. पाणी पिऊन तांदळाचं वजन अडीच-तीन पट होतं. कोणी पाकिटावरचा कच्चा आकडा ताटातल्या भाताला लावतं आणि उगाच धसका घेतं, तर कोणी शिजलेल्याचा आकडा कच्च्याला लावून तिप्पट खातं. आठवडाभर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. आपल्या नेहमीच्या वाटीत भात किती ग्रॅम मावतो हे एकदा कळलं, की काटा परत फडताळात ठेवता येतो. मधुमेहपूर्व अवस्थेत एका जेवणाला ३० ते ४५ ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करणं बहुतेकांना झेपतं: १५० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे ४२, मध्यम सफरचंद २५, १०० ग्रॅम उकडलेला बटाटा २० च्या आत. ज्यांचं काम अंगमेहनतीचं आहे त्यांना जास्त लागेल. मोजणं नकोच असेल तर २३ सेंटिमीटरची ताटली घ्या: अर्धी ताटली स्टार्च नसलेल्या भाज्या, पाव भाग प्रथिनं, उरलेल्या पाव भागात धान्य किंवा बटाटा. बटाटा, मका आणि मटार या हिशेबात भाजी नाहीत. भाजी म्हणून बटाटा आणि सोबत भात, असं केलं की पाव भाग गुपचूप अर्धा होतो.

तंतूंकडे लोक पोट साफ होण्यापुरतं बघतात, पण साखरेच्या वेगावर तंतूंचा ताबा मोठा असतो. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, कडधान्यांतले आणि सफरचंदासारख्या फळांतले विरघळणारे तंतू पाण्यात चिकट लगदा करतात. त्या लगद्यातून ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू हवेत. १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात जवळपास ८ ग्रॅम, एका मध्यम सफरचंदात सालासकट ४ पेक्षा थोडे जास्त, ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ४. आज १० ग्रॅम खात असाल तर उद्या एकदम २५ वर जाऊ नका. पोट फुगेल, वायू होईल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही हे सगळं सोडून द्याल. दर आठवड्याला ५ ग्रॅम वाढवा आणि सोबत पाणी वाढवा. तंतू वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं, की बद्धकोष्ठ उलट वाढतं.

प्रथिनांची किमान गरज वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम, ७० किलोच्या माणसाला ५६ ग्रॅम. साठीच्या पुढे स्नायू टिकवायला १ ते १.२ धरतात. इथेही एक गल्लत ठरलेली: १०० ग्रॅम मसूर म्हणजे १०० ग्रॅम प्रथिनं नव्हेत. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९, एका अंड्यात ६, एक पेला दुधात ८, मूठभर म्हणजे २८ ग्रॅम शेंगदाण्यांत ७, १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत ३० च्या आसपास. रात्रीच्या जेवणात सगळी प्रथिनं उरकण्यापेक्षा प्रत्येक जेवणाला २० ग्रॅमच्या आसपास आली तर भूकही आटोक्यात राहते आणि साखरही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे लागू नाहीत; तिथे प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील.

स्निग्ध पदार्थ साखर लगेच चढवत नाहीत, आणि नेमकी इथेच फसगत होते. तेल-चीज भरपूर असलेलं जेवण जठरातून हळूहळू पुढे सरकतं. दोन तासांनी मीटरवर आकडा छान दिसतो आणि चढ येतो तो तीन ते पाच तासांनी, कोणी मोजत नसताना. मग सकाळी प्रश्न पडतो की रात्री तर साखर ठीक होती. शिवाय एका ग्रॅमला ९ कॅलरी, कर्बोदकं आणि प्रथिनांच्या ४ च्या दुपटीहून जास्त. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. बाटलीतून थेट भांड्यात ओतलं तर दोन चमचे की चार, हे डोळ्यांना कळत नाही. चमच्याने मोजून घाला. एकूण ऊर्जेतला संपृक्त मेदाचा (लोणी, तूप, चीज यांत तो जास्त असतो) वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवा, त्याची जागा शेंगदाणे, बदाम, अक्रोड, मासे आणि वनस्पती तेलांना द्या. त्या जागी मैदा आणि साखर आणली तर फायदा शून्य.

जीवनसत्त्वं आणि खनिजं साखर खाली आणतील या आशेने गोळ्यांवर खर्च करू नका. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळं आणि ताटात कडधान्य असलं, की बऱ्याचशा गरजा भागतात. दोनच गोष्टी सांगतो. मिठाचा एकूण वापर दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, कारण वाढलेली साखर आणि रक्तदाब बऱ्याचदा जोडीने येतात. आणि पुढे कधी मेटफॉर्मिन सुरू झालं तर ब-१२ अधूनमधून तपासा. ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने ते कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या आल्या की लोक तो मधुमेहाचाच परिणाम समजून बसतात, आणि ब-१२ कमी झाल्याचं कोणाच्या ध्यानातच येत नाही.

पदार्थ तेच ठेवून साखर कमी चढवायचे दोन साधे मार्ग आहेत. पहिला, खाण्याचा क्रम: आधी भाजी-कोशिंबीर, मग प्रथिनं, भात किंवा ब्रेड शेवटी. जठरात आधी तंतू आणि प्रथिनं पोचली की त्यामागून येणारं स्टार्च हळू पुढे जातं. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: जेवण झाल्यावर १० ते १५ मिनिटं चालणं. स्नायूंच्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारी दारं असतात. एरवी ती इन्शुलिनच्या सांगण्यावरून उघडतात, पण स्नायू आकुंचन पावू लागला की इन्शुलिनशिवायही उघडतात. इन्शुलिनला पेशी दाद देत नाहीत हीच ज्यांची अडचण आहे, त्यांना ही मागची वाट मोलाची. आणि ती जेवणानंतर लगेच वापरायची, कारण गर्दी त्याच वेळी असते. शिजवून गार केलेल्या भात-बटाट्यात न पचणारं स्टार्च थोडं वाढतं हे खरं, पण फरक माफक असतो. त्याच्या जिवावर दुप्पट भात वाढून घेऊ नका. गार करायचाच तर भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे जिवाणू पुन्हा गरम केल्यावरही त्रास देतात.

उपाशीपोटीचा आकडा जेवणानंतरच्या आकड्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतो. रात्रभर काही न खाल्लेल्या माणसाच्या रक्तात साखर कुठून येते? यकृतातून. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणून यकृत साठ्यातलं ग्लुकोज सोडतं आणि नवीनही बनवतं. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं, त्याने यकृताला आणखी जोर चढतो. निरोगी शरीरात इन्शुलिन यकृताला आवर घालतं. यकृतात चरबी साठलेली असेल तर ते ऐकत नाही. म्हणून रात्रीचं जेवण सोडूनही सकाळी ११२ येऊ शकतात, आणि वैतागून जेवण आणखी तोडण्यात काही हशील नसतं. हा आकडा उतरतो तो वजन आणि पोटाचा घेर कमी झाल्यावर, झोप पुरी झाल्यावर, रात्री उशिराचं जड जेवण आणि मद्य सुटल्यावर. त्याला काही आठवडे लागतात. जेवणानंतरचा आकडा मात्र पहिल्याच आठवड्यात बदललेला दिसेल.

तो बघायला घरचा ग्लुकोमीटर पुरेसा आहे, पण मोजायची रीत सांभाळा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा चढतो, आणि ओल्या बोटाने थेंब पातळ होऊन आकडा उतरतो. सॅनिटायझर लावलं असेल तर सुकू द्या. सुई बोटाच्या टोकाच्या मधोमध नको, कडेला टोचा, दुखतं कमी. थेंब येत नाही म्हणून बोट जोरात पिळू नका, हात खाली सोडून हलवा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, हवेतल्या दमटपणाने पट्ट्या खराब होतात. वेळ मोजायची ती पहिल्या घासापासून. जेवण उरकल्यापासून मोजली तर तुमचे दोन तास प्रत्यक्षात अडीच होतात.

चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के मागेपुढे व्हायची मुभा असते. मीटर १६० दाखवतो तेव्हा खरा आकडा साधारण १३९ ते १८८ यांत कुठेही असू शकतो. त्यामुळे १४८ आणि १५५ यांत काही अर्थ शोधू नका. अर्थ सापडतो तो जोडीने मोजल्यावर: जेवणाआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, आणि दोन्हींतली वाढ लिहायची. मग तेच जेवण दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलून: आज रस, उद्या संत्रं, आज जेवून बसणं, उद्या जेवून चालणं. प्रत्येक प्रकार दोन-दोनदा करा. आधी ९५ आणि नंतर १६५, म्हणजे वाढ ७०. बदल करून ती दोन्ही वेळा ३५-४० वर आली, तर तो फरक खरा माना. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की कशाने उतरली हे कधीच कळत नाही.

पाकिटं घेताना पुढची बाजू वाचूच नका, उलटी करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात; साखर पहिल्या तिनांत असेल तर तो पदार्थ गोडाचाच. पण साखर वेगवेगळ्या नावांत विभागली की प्रत्येक नाव खाली सरकतं: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क. माल्टोडेक्स्ट्रिनची चव फारशी गोड नसते आणि काही ठिकाणी ते साखरेच्या रकान्यात मोजलंही जात नाही, पण रक्तात जातं जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने. म्हणून ‘साखर’ हा रकाना बघून थांबू नका, ‘एकूण कर्बोदकं’ बघा. शुगर-फ्री बिस्किटात साखर शून्य आणि मैदा पोटभर असू शकतो. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे तेही तपासा. सर्व्हिंग म्हणून दोनच बिस्किटं धरलेली असतात आणि आपण सहा खातो. वरून घातलेली साखर, मध आणि रस धरून सुटी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्के असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरीच्या आहारात ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. ३३० मिलिलिटर कोलाच्या एका डब्यात ३५ ग्रॅम असतात.

तुम्हाला औषध सुरू नाही, म्हणून ताटातले हे बदल उद्यापासूनही करू शकता. पण घरातल्या कोणी तुमचं बघून तेच करायला घेतलं आणि ते इन्शुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गोळीवर असतील, तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. कर्बोदकं निम्मी झाली आणि डोस तोच राहिला की साखर धोकादायक खाली जाते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असताना कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात घातक प्रमाणात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठू शकतात. गरोदरपणात तर ध्येयाचे आकडेच वेगळे असतात.

साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर १५ ग्रॅम लवकर भिनणारी साखर द्या: ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा पेला फळाचा रस. एरवी नको म्हटलेला रस इथे कामाचा, कारण वेगच हवा असतो. चॉकलेट देऊ नका, त्यातली चरबी साखरेला मागे खेचते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. अकार्बोज किंवा वोग्लिबोज घेणाऱ्याला घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारं विकरच या गोळ्या अडवतात. त्यांना ग्लुकोजच द्यावं लागतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरात ग्लुकॅगॉन (साखर झटकन वाढवणारं औषध) असेल तर ते द्या आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

एचबीए१सी पुन्हा करायचं ते तीन महिन्यांनी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चिकटलेली साखर हा आकडा सांगतो. महिन्याभरात तपासलं तर जुन्या आहाराच्या पेशी अजून मोजणीत असतात आणि उगाच हिरमोड होतो. त्याआधी हिमोग्लोबिन बघून घ्या. लोह कमी असल्याने रक्तक्षय झाला असेल तर एचबीए१सी खोटं वर जाऊ शकतं. अलीकडे रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटं खाली. अशा वेळी डॉक्टर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची चाचणी सांगतील. त्या चाचणीच्या आधीचे तीन दिवस कर्बोदकं कमी करू नका, दिवसाला निदान १५० ग्रॅम घ्या. कर्बोदकं तोडून गेलात तर अचानक आलेल्या ग्लुकोजला शरीर मंद प्रतिसाद देतं आणि निकाल आहे त्याहून वाईट दिसतो. त्या चाचणीत दोन तासांनी १४० च्या आत आलं तर ठीक, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० पासून मधुमेह. निकाल घेऊन जाताना जेवणाआधी-नंतरच्या जोड्या लिहिलेली वही सोबत न्या. नुसत्या तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा, कुठलं जेवण आकडा चढवतं ते डॉक्टरांना त्या वहीतून जास्त नेमकं कळतं.